रेघा पूर्ण, इंटरनेट गायब

भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, तरी पंचवटीत भाजीवाल्या मावशींना वीस रुपये देताना पडद्यावरचे चक्र फिरतच राहते आणि मागची रांग खोळंबते, हे अजून किती दिवस सोसायचे? फोनवर सिग्नलच्या रेघा मात्र पूर्ण! त्या रेघा केवळ लहरींची तीव्रता सांगतात. एका टॉवरची क्षमता शेकडो फोनांत वाटली गेली की वेग उरत नाही, आणि रामकुंडावरच्या गर्दीत तर साधा निरोपही जात नाही. तक्रार केली की ठरलेले उत्तर मिळते: फोन बंद करून चालू करा. किती वेळा करायचा? वडिलांचा बँकेचा ओटीपी मुदत संपल्यावर येतो आणि त्यासाठी त्यांना उन्हात गच्चीवर उभे राहावे लागते. पैसे मात्र आमच्याकडून आगाऊ घेतले जातात.