भरपूर म्हणजे किती?

कालचा जो फोटो ग्रुपवर फिरतोय त्यात काका मासा धरून हसतायत आणि मी शेजारी जाळी धरून उभा आहे, तोही अर्धा कापलेला. यावर मी काही बोलणार नव्हतो, पण खाली ‘काका एक्स्पर्ट’ अशा कमेंटा आल्यात, मग आता बोलणारच.

आम्ही ट्रोलिंग करत होतो, म्हणजे चालत्या बोटीमागे लाईनवर (दोऱ्यावर) ल्यूर, म्हणजे नकली मासा, ओढत होतो. सोनारवर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) मासे १८ फुटांवर दिसत होते. म्हणजे ल्यूर १६-१७ ला हवा, कारण शिकारी मासा बहुतेक वेळा वर बघून झडप घालतो, त्याच्या पोटाखालून क्रँकबेट (ओढला की पाण्यात खाली जाणारा ल्यूर) गेला तर त्याला पत्तासुद्धा लागत नाही. म्हणून मी लाईन काउंटरवर (किती लाईन बाहेर गेली ते मोजणारं यंत्र) आकडा बघत, फुटाफुटाने लाईन सोडत होतो. काका (मित्राचे काका, त्यामुळे उलट बोलायची सोय नाही) आकडा-बिकडा न बघता सर्रकन सोडून मोकळे.

"काका, किती सोडलीत?"

"भरपूर."

"भरपूर म्हणजे किती?"

"अरे म्हणजे सोडली की. बास वाटलं तेव्हा थांबवली."

"पण फूट किती?"

"पाण्यात फूटपट्टी घेऊन कोण उतरलंय?"

"बरं, ल्यूर किती खोल चाललाय?"

"तळाला."

"काका, तळ ४० फुटांवर आहे."

"मग तळाच्या जरा वर."

हे उत्तर चूक आहे असं कुणाला म्हणता येईल का? नाही! तेच तर दुखणं आहे. मग माझ्या काउंटरकडे बघून म्हणाले, "हे मशीन खरं बोलतं कशावरून?" आता खरं तर प्रश्न बरोबर आहे, काउंटर स्पूलचे (लाईन गुंडाळलेल्या रिळाचे) फेरे मोजतो, स्पूल अर्धं रिकामं असेल तर लाईन कमी जाते आणि आकडा जास्त दिसतो, पण माझं स्पूल काठोकाठ भरलेलं होतं आणि हे मी त्यांना सांगेपर्यंत ते दुसरीकडे बघायला लागले होते.

वर सल्ला सुरू. "स्पीड वाढव रे, जोरात ओढलं की खाली घुसतो." घुसत नाही हो! पाण्यावर तरंगणारा क्रँकबेट त्याच्या नेहमीच्या स्पीडच्या टप्प्यात असला तर थोडं कमीजास्त करून खोलीत फारसा फरक पडत नाही. खोली ठरते ती लिप (ल्यूरच्या तोंडाशी असलेली पट्टी) केवढी आणि कुठल्या कोनात आहे, लाईन किती बाहेर आहे आणि ती किती जाड आहे यावर. जाड मोनो (एकाच तंतूची लाईन) पाण्याला जास्त अडते, तेवढ्याच ताकदीचा ब्रेड (विणलेली लाईन) बारीक असतो म्हणून तोच ल्यूर खोल जातो. आणि लाईन वाटेल तेवढी सोडली तरी एका मर्यादेनंतर तिलाच पाण्याचा एवढा अडथळा होतो की ल्यूर आणखी खाली जात नाही. म्हणजे ‘भरपूर’लाही शेवट आहे. पण बोट चालवणाऱ्याने काकांचं ऐकलं, स्पीड वाढला, आणि जरा वेळाने माझ्या रॉडच्या टोकाची, ल्यूर नीट चालतोय हे सांगणारी बारीक थरथर बंद पडली. गुंडाळून बघतो तर लिपला पाणगवताची एक काडी, करंगळीएवढी. तेवढ्याने ल्यूर आडवा होऊन नुसता फरफटत होता. ती काडी नखाने काढत असतानाच काकांचा रॉड वाकला. मला हाक आली, "जाळी आण!"

मासा लागला याचा राग नाही. (थोडा आहे.) पण लागलेला मासा म्हणजे माहिती असते हो. किती लाईन बाहेर होती ते कळलं की बोटीतले सगळे रॉड त्याच आकड्यावर लावायचे, एवढा साधा हिशोब. मी शांतपणे विचारलं, "काका, आता तेवढीच परत सोडाल का?"

"सोडतो की. भरपूर!"

नंतर दिवसभर कुणाला काही लागलं नाही, काकांनाही नाही, पण त्याचा फोटो कोण काढतंय.

ल्यूरच्या बॉक्सवाल्यांचंही तेच. ‘१० ते १२ फूट’ छापून मोकळे. कुठल्या लाईनवर? किती सोडून? बऱ्याचदा तो आकडा फेकून ओढण्याचा असतो, ट्रोलिंगला तोच ल्यूर लांब लाईनवर त्याहून खोल जातो आणि तळाच्या दगडात जाऊन अडकतो, मग बसा तोडत. त्यापेक्षा सरळ ‘भरपूर’च छापा ना.

आणि हो, पुढच्या वेळी बोट काकांनीच चालवायची असं ग्रुपवर ठरलंय. म्हणजे आता स्पीडही त्यांच्याच हातात. मला विचारलंय, जाळी तुझ्याकडेच आहे ना?