गुलमोहराचं वय

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सेक्रेटरी निवडून येत नाही, तो सापडतो. गेल्या जनरल बॉडीला मी बटाटेवडे संपायच्या आत पोचलो, तेवढ्यावर सापडलो. "पाणी, लिफ्ट आणि पार्किंग, बाकी काही नसतं हो," असं सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं. झाडाचं कोणी बोललं नाही.

झाड म्हणजे गेटजवळचा गुलमोहर. मूळचा मादागास्करचा, पण इथे असा रुळलाय की पार्किंगच्या तीन जागा अडवून बसलाय आणि मेंटेनन्स भरत नाही. मे महिन्यात फुलला की सगळे त्याच्याखाली फोटो काढतात. जूनमध्ये त्याच पाकळ्यांवरून घसरले की माझ्या नावाने शंख करतात. २०२१ च्या १७ मे रोजी तौक्ते वादळ आलं, कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला, तेव्हा या पठ्ठ्याने चार डहाळ्या टाकल्या आणि गप्प उभा राहिला. यंदा एप्रिलमध्ये मात्र, भरदुपारी, पान हलत नसताना मांडीएवढी फांदी काडकन मोडली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतांच्या स्कूटरवर निजली.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर एकच मेसेज फिरत होता : 'उद्या माणूस दगावला तर सेक्रेटरी जबाबदार.' रविवारी मीटिंग झाली. झाड तोडायचं, असं एकमताने ठरलं. सोसायटीच्या इतिहासातलं हे दुसरं एकमत. पहिलं मेंटेनन्स न वाढवण्यावर झालं होतं.

मग मी कायदा वाचला. झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे. झाड आपल्या आवारातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. फांद्या छाटायलाही परवानगी हवी, आणि खाजगी आवारात छाटणीचा खर्च आपलाच. इथवर ठीक होतं. पण २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची. आणि झाडाने पन्नाशी गाठली की ते 'हेरिटेज' होतं, मग त्याला हात लावणं आणखी अवघड. (माणसाने पन्नाशी गाठली की फक्त शुगर तपासायला सांगतात.)

हे ग्रुपवर टाकलं आणि झाडाचं वय हा प्रश्न पेटला.

नेनेकाकू म्हणाल्या, "पस्तीस. एक दिवस जास्त नाही." काकूंचा आकडा ठाम असण्याला कारण होतं. मंदारच्या बारशाला हे रोप लावलं, हे बिल्डिंगीत सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि मंदारच्या बायोडेटात वय पस्तीस छापलंय. तीन वर्षांपूर्वीही पस्तीसच होतं. म्हणजे झाड एकेचाळीसचं निघालं तर एक स्थळ हातचं जाणार.

पुरंदरे आजोबांचं म्हणणं वेगळं. "मी ७४ साली प्लॉट बघायला आलो तेव्हा हा इथेच होता. पंचविशीतल्या पोरासारखा!" आजोबांची गॅलरी गुलमोहराला लागून आहे, त्यांना सावली हवी, म्हणून झाड पन्नाशीच्या वर हवं. सावंतांना स्कूटरचा राग, त्यामुळे त्यांच्या मते ते जेमतेम वीसचं. "वीस झाडं तरी कुठे लावणार?" मी विचारलं. आमच्याकडे तुळशीच्या कुंडीवरून दोन बिऱ्हाडं बोलत नाहीत. सावंत म्हणाले, "गच्चीवर."

शेवटी अर्ज केला आणि उद्यान खात्याचे एक साहेब पाहणीला आले. मध्यमवयीन, शांत. डॉक्टर पेशंटकडे बघतात तसं त्यांनी आधी दुरून पाहिलं. मग बुंध्यावर बोटांनी ठकठक केलं. वर टणटण, खाली भदभद. बुंध्याशी थाळीएवढी तपकिरी अळंबी उगवली होती. आमचा वॉचमन गेले दोन पावसाळे तिच्यावर चहाचा ग्लास ठेवत होता. "आतून कुजतंय," साहेब म्हणाले. "आणि केबलसाठी एकाच बाजूच्या फांद्या कोणी तोडल्या? सगळा भार पार्किंगकडे गेलाय."

केबलचं कोणाला आठवेना. पण साहेबांची नजर खाली गेली. बुंध्याला गळ्याशी आवळून सिमेंटचा पार, त्यावर ग्रॅनाइट, भोवती पेव्हर ब्लॉक.

"मुळांना श्वास घ्यायला जागा नाही, पाणी जायला फट नाही. हे कोणी केलं?"

सगळे एकदम नम्रपणे पाराच्या दर्शनी बाजूला बघू लागले. तिथे पांढऱ्या संगमरवरावर काळ्या अक्षरांत माझ्या वडिलांचं नाव आहे, आणि खाली 'सौजन्य' म्हणून माझं. २००९ सालचं. आयुष्यात केलेलं माझं एकमेव सार्वजनिक कार्य.

"तोडायची गरज नाही," साहेबांनी निकाल दिला. "डोकं हलकं करा, तोल साधा. पार फोडा, चारी बाजूंनी मीटरभर माती मोकळी ठेवा. आणि दर पावसाळ्याआधी बघत जा."

पार फोडायला दोन माणसं आणि पूर्ण दिवस लागला. बांधताना मी मजबूत काम करून घेतलं होतं. हातोड्याच्या प्रत्येक घावाला आई गॅलरीतून विचारायची, "पाटी नीट काढली का रे?" पाटी आता फ्रिजच्या मागे उभी आहे. परवा सामान आणायला गेलो तर वॉचमनने विचारलं, "साहेब, ग्लास कुठं ठेवू?"

छाटणीच्या दिवशी साहेब कागद भरत होते. नेनेकाकू चहा घेऊन खास खाली उतरल्या. वेलचीचा चहा, आणि बिस्किटंसुद्धा क्रीमची. कपाआडून त्यांनी हळूच विचारलं, "वयाच्या रकान्यात काय लिहिलंत?"

"चाळीसच्या आसपास."

काकूंनी बिस्किटांची बशी आणखी पुढे सरकवली. "असू दे. पण कागद सोसायटीच्या बोर्डावर लावू नका हं."