बर्डीवरचा हातबॉम्ब

"मुलीसाठी पाहून राहिल्या का मॅम?"

काउंटरवरच्या पोरीचं हे पहिलं वाक्य. मी तोंडही उघडलं नव्हतं. ४३ वर्षांच्या बाईला सेंट लागत नाही, फक्त बाम लागतो, असं ट्रेनिंगमध्येच शिकवतात वाटतं.

तर काल भर मे महिन्यात सेंट घ्यायला बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) गेली होती. डाव्या मनगटावर गुची ब्लूम, उजव्यावर फ्लॉवरबॉम्ब. दोन्ही फुलांचे, दोन्ही गोड, आणि किंमत पाहिली तर आमचं कुलरच्या दिवसांतलं लाईट बिल परवडलं. मी डावं-उजवं हुंगत उभी, पोरीनं कॉफीच्या बियांची वाटी नाकाखाली धरली (म्हणे नाक मोकळं होतं, मला तर कॉफीच प्यावीशी वाटली), तेवढ्यात कॉलेजच्या तीन पोरी आल्या तशी ती वाटीसकट तिकडे पळाली.

मग स्टुलावरच्या काकू उठल्या. त्या काही घ्यायला आल्या नव्हत्या, एसीत बसायला आल्या होत्या, तसं त्यांनीच सांगितलं. बाहेरचं ऊन पाहता मलाही त्यात काही गैर वाटलं नाही. न विचारता त्यांनी माझं डावं मनगट धरलं, वैद्यानं नाडी पाहावी तसं, आणि डोळे मिटले.

"गुलछडी," त्या म्हणाल्या. "लग्नातल्या हाराची. दुसऱ्या दिवशीची." परत हुंगलं. "थोडी जाई. अन् तिसरं काय हाये वं? ओयखीचं वाटते."

मी घरून सगळं वाचून गेली होती. २०१७ मध्ये हा सेंट आला तेव्हा त्यातल्या रंगून क्रीपरचं केवढं कौतुक झालं होतं. रंगून क्रीपर म्हणजे आपली मधुमालती. सांगितलं त्यांना.

"मधुमालती? थे त आमच्या संडासाच्या भितीवर हाये!"

अख्ख्या दुकानानं ऐकलं.

"तुह्याकडे नाही का वेल?"

"आहे. फाटकावर."

"मंग?"

मंग काय मंग! ती वेल संध्याकाळी उमलते, आणि संध्याकाळी मी कणीक भिजवत असते, सासूबाईंच्या गोळ्या, पोराची ट्युशन, त्यात नेमका तेव्हाच कोणीतरी फोन करतो, फाटकापाशी उभं राहून वास घ्यायला सवड असती तर बाटली कायले पाहिजे होती? पण हे काही बोलली नाही. गप्प उजवं मनगट पुढे केलं.

"हे पाकातलं हाये," काकू म्हणाल्या. मग त्यांची नजर बाटलीवर गेली. फ्लॉवरबॉम्ब २००५ मध्ये निघाला तेव्हापासून त्याची बाटली हातबॉम्बसारखीच आहे. काकू एक पाऊल मागे सरकल्या.

"हे नोको घेऊ माय. रेल्वेत पकडतीन तुले."

तिकडून ती पोरगी, कॉलेजवाल्यांना फवारता फवारता, "मॅम, तुम्ही ना काहीतरी सोबर बघा, लाइट असं." सोबर! साडी सोबर, लिपस्टिक सोबर, आता वासही सोबर. त्या पोरींना कोणी म्हटलं का सोबर?

बॉम्ब घेतला. तीस एमएल. माझ्या कार्डानं, माझ्या पगारातून, आणि पिन टाकताना दोन्ही मनगटं मुद्दाम तिच्या नाकासमोरून नेली.

"गिफ्ट पॅक करून देऊ का मॅम?"