धिस आणि धीज, दर वर्षी तेच

आज पुन्हा एकाच्या इंग्रजीच्या वहीत 'धिस बनानाज आर रॉ', 'धीज' हवं तिथे 'धिस'. रावेरकडचं पोरगं, ज्याच्या दारावरून रोज केळ्यांचे ट्रक जातात! मराठीत तो कधी 'हे केळी' म्हणेल का? एक असलं तर हे केळं, फणीभर असली तर ही केळी. बोलायला लागल्यापासून चुकला नाही. घरी अहिराणीत 'हाऊ मना भाऊ' (हा माझा भाऊ) बिनचूक म्हणतो. आणि इंग्रजीत तर लिंगाची भानगडच नाही, चारच शब्द: धिस-दॅट एकासाठी, धीज-दोज अनेकांसाठी.

चीड पोरांची नाही येत. आठवीपर्यंत कुणी 'धिस' आखूड आणि 'धीज' लांबवून म्हणून दाखवलेलंच नसतं. फळ्यावर चार चौकोन आखले, पाठ करा, झालं!

परवा एकीनं शाळेत लिहिलं, 'धीज आर माय फादर'. लाल फुली. अहो, 'हे माझे वडील' मधला आदर तिनं जसाच्या तसा इंग्रजीत नेला! इंग्रजीत आदरासाठी अनेकवचन करत नाहीत, वडील एकच, म्हणून धिस इज. एवढं एक वाक्य सांगायला काय जात होतं? ती पोरगी आता इंग्रजीच्या तासाला हातच वर करत नाही.