शाळेत समाजसेवा कशी करावी

आपलं मंडळ असेल, प्रतिष्ठान असेल, नाहीतर नुसता मित्रपरिवार असेल आणि साहेबांचा वाढदिवस तोंडावर आला असेल, तर जिल्हा परिषदेच्या शाळेसारखी जागा नाही. पटांगण फुकट, माईक फुकट, टाळ्या वाजवायला पहिली ते सातवीची १३२ पोरं फुकट. मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आमच्या समितीला शाळेचा विकास आराखडा करायचं काम दिलंय. प्रत्यक्षात मी खुर्च्या मोजतो आणि शाल-श्रीफळ आणून ठेवतो. त्या अधिकाराने सांगतो.

आधी बॅनर. शिबिर कशाचं ते नंतर ठरलं तरी चालतं, पण 'भव्य' हा शब्द आणि किमान चौदा चेहरे हवेतच. बांधायचा तो शाळेच्या नावाच्या पाटीवर.

शाळेला काय हवंय हे चुकूनही विचारू नका. मुख्याध्यापक भाबडे असतात, मुलींच्या शौचालयात पाणी येत नाही म्हणून सांगतील. तिथे फोटो कसा काढणार?

वही वाटताना एका वहीला अकरा हात लागले पाहिजेत.

खिसा मोठा असेल तर सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये दत्तक शाळा योजनाही काढून ठेवली आहे. ग्रामपंचायत हद्दीत ५ वर्षांसाठी ५० लाख, १० वर्षांसाठी १ कोटी, आणि शाळेच्या नावाला तुमचं नाव जोडायची सोय. पण एवढ्या खर्चात कशाला पडता? साठ वह्यांत भागतं, बॅनर तेवढाच मोठा येतो.

आता मुख्य गोष्ट, वेळ. निमंत्रणात नऊ लिहा. पाहुणे साडेबारानंतर येऊ द्या, त्याआधी आले तर त्यांना काही काम नाही असं गावाला वाटतं. परवाच्या नेत्र तपासणी शिबिरात आम्ही हे तंतोतंत पाळलं. लेझीमची पोरं पावणेनऊला रांगेत उभी केली. दहाला ऊन चढलं. अकराला दुसरीतला एक पोरगा मटकन खाली बसला, त्याला सावलीत नेला आणि त्याच्या जागी दुसरा उभा केला, कारण रांगेत खिंडार दिसलं असतं. बचत गटाच्या मावश्यांनी खिचडी वेळेवर उतरवली होती. "भाषणं झाल्याशिवाय वाढायची नाही," असा तुमच्या कार्यकर्त्याचा हुकूम. या मावश्या महिना २५०० रुपये मानधनावर राबतात, तेही कधी हातात पडेल त्याचा नेम नाही. त्यांचा फोटो कुठल्या बॅनरवर पाहिलात? पातेल्यावर झाकण ठेवून त्या मुकाट बसून राहिल्या. पाहुणे आले बारा चाळीसला. पाऊण तास साहेबांच्या कार्याचा आढावा. डॉक्टर भला माणूस, त्याला दोनला निघायचं होतं. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता लावेस्तोवर त्याच्याकडे अर्धा तास उरला. १३२ पोरांना अर्धा तास! तिसरीच्या पुढचा वर्ग त्याने बघितलाच नाही. तरी दुसऱ्या दिवशी पेपरात 'शेकडो विद्यार्थ्यांना लाभ'.

बरं, तपासून तरी काय होणार होतं? गेल्या वर्षी तुम्हीच तपासलं होतं की. तेव्हा सतरा पोरांना चष्मा लागेल असं निघालं. नंबर लिहून घेतले, फ्रेमचा रंगसुद्धा विचारलात. पोरं महिनाभर एकमेकांना सांगत होती, माझी निळी, माझी लाल. एक चष्मा आला नाही. परवा तुमच्या अध्यक्षांना विचारलं तर म्हणाले, "यादी परत द्या ना भाऊ, जुनी यादी एक पोरगं सांभाळायचं, ते गेलं पुण्याला."

चौथीत एक मुलगी आहे. फळ्याजवळ जाते, तीन शब्द वाचते, बाकावर येऊन लिहिते, पुन्हा उठते. एका उताऱ्याला वीस हेलपाटे. नव्या बाईंना वाटलं पोरगी चंचल आहे, म्हणून तिला शेवटच्या बाकावर बसवली. तिची यादी पुण्याला गेली?

सरकारी आरोग्य पथक दरवर्षी येतं. एक गाडी, दोन-तीन माणसं, वर्गात बसून एकेका पोराला बघतात, नोंद करतात आणि जातात. त्यांना हार लागत नाही, लेझीम लागत नाही. तुम्हाला का लागतं? पोरांच्या डोळ्यांशी खेळ करून वाढदिवस साजरे करायची लाज वाटत नाही? सतरा साध्या चष्म्यांना किती लागले असते? त्या बॅनरला, हारांना आणि पाहुण्यांच्या मागच्या सहा गाड्यांच्या डिझेलला जेवढे गेले, त्याच्या निम्मे तरी लागले असते का?

यादीची दुसरी प्रत माझ्याकडे आहे, रंगांसकट. पुढच्या महिन्यात रक्तगट तपासणीचा बॅनर लावायला येणार आहात म्हणे. शिडी माझ्या घरी आहे आणि घराला कुलूप आहे.