भागिले नऊशे

लंडन ते न्यूयॉर्क साधारण ५,५०० किलोमीटर, विमान ताशी नऊशेने जातं, म्हणजे सहा तास आणि वर थोडी चिल्लर. हे गणित मी मनातल्या मनात केलं तिथपर्यंत ठीक होतं, पण ते आईला फोनवर सांगितलं आणि फसलो. आई म्हणजे रिटायर्ड गणिताच्या बाई.

"तिकिटाचा फोटो पाठव."

तिकिटावर सकाळी ११ ला निघणार, दुपारी २ ला पोचणार.

"तीन तासात? म्हणजे ताशी अठराशे? अरे, आवाजाहून वेगाने उडणाऱ्या कॉन्कॉर्ड विमानालासुद्धा साडेतीन तास लागायचे, आणि ते २००३ मध्येच बंद झालं."

मग मी समजावलं की अगं तिकडचं घड्याळ पाच तास मागे असतं, तीन अधिक पाच आठ. "मग सहा कोणी सांगितलेलं?" मी गप्प. तेवढ्यात तिने परतीचं तिकीट उघडलं, रात्री ८ ते सकाळी ८. बारातून पाच गेले, सात.

"जाताना आठ, येताना सात? येताना उतार लागतो का?"

आता हिला जेट स्ट्रीम सांगणं आलं. वर दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार वारं वाहतं, कधीकधी ताशी दोनशेच्याही वर, जाताना ते तोंडावर आणि येताना पाठीवर. फेब्रुवारी २०२० मध्ये तर वादळामुळे वारं इतकं जोरात होतं की एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं, असं मी उत्साहात सांगून बसलो. (गरज नव्हती.)

"मग त्याचंच तिकीट काढायचंस."

विमानात बसल्यावर वाटलं सुटलो. पण शेजारच्या काकांनी समोरच्या स्क्रीनवर नकाशा लावला. न्यूयॉर्क माद्रिदच्या रेषेत म्हणजे लंडनच्या चांगलंच खाली, आणि आमचं विमान निघालंय वायव्येला. "हा वर कुठे चाललाय?" काकांचा चेहरा रिक्षावाल्याने लांबून नेल्यासारखा. मी म्हटलं पृथ्वी गोल आहे, गोळ्यावर दोरा ताणून धरला तर तोच सगळ्यात जवळचा रस्ता, सपाट नकाशावर तो वाकडा दिसतो एवढंच. काकांनी माझ्याकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं आणि बटण दाबून एअर होस्टेसला बोलावलं.

उतरलो तेव्हा पायलट म्हणाला, आपण पंचवीस मिनिटं लवकर पोचलोय. टाळ्या. मी लगेच आईला मेसेज टाकला, लवकर पोचलो! मग विमान धावपट्टीवरून वळून जे उभं राहिलं ते हलेचना, का तर आमच्या गेटवर आधीचं विमान होतं, आणि तिकिटावरची वेळ गेटला लागण्याची असते, चाकं टेकण्याची नाही. वीस मिनिटं झाली, तीस झाली, सगळे बॅगा काढून माना वाकड्या करून उभे.

आईचा फोन. "बाहेर आलास का?"

"नाही अजून, विमानातच."

"म्हणजे अजून चालूच आहे? मी आठ धरून बसलेय, किती करू आता?"