गव्हावर दळलेली भाजणी

काल संध्याकाळी गिरणीत माझी चकलीची भाजणी गव्हावर दळली गेली. या वाक्याचा अर्थ ज्यांना कळला त्यांनी माझ्याबरोबर दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे. बाकीच्यांशी मला आज बोलायचे नाही.

त्या भाजणीसाठी एक किलो तांदूळ धुऊन, उपसून, जुन्या पंच्यावर पसरून दोन दिवस पंख्याखाली सुकवले होते आणि त्या दोन दिवसांत पंख्याच्या बटणाला हात लावण्याची घरात कोणाचीही प्राज्ञा नव्हती. मग काल सकाळी अर्धा किलो हरभऱ्याची डाळ, पाव किलो उडदाची डाळ, थोडी मुगाची डाळ, पोहे, धने आणि जिरे हा सगळा प्रपंच निरनिराळा भाजला, कारण एकत्र भाजला तर जिरे करपते आणि डाळ कच्ची राहते. तांदूळ फुलला पाहिजे पण लाल होता कामा नये, म्हणून कढईवर वाकून तीन तास उभा राहिलो. एवढे झाल्यावर डबा गिरणीत नेला, 'तांदळावर नाहीतर डाळीवर दळा, गव्हावर अजिबात नको' असे तीनदा बजावले आणि तेच लाल शाईने चिठ्ठीवर लिहून, खाली दोन रेघा मारून, चिठ्ठी डब्याच्या झाकणाला चिकटवली. डबा परत आला तेव्हा ती झाकणावर जशीच्या तशी होती. ती कोणी वाचलीच नव्हती.

"आधी काय दळलं होतं?" मी विचारले.

"गहू. पाच किलो."

"अहो, मी सांगितलं होतं ना?"

"काका, मूठभर गव्हानं काय होतंय?"

मूठभर! आधीच्या दळणाचे दगडांत अडकलेले आणि खालच्या कापडी पिशवीत साठलेले पीठ पुढच्याच्या दळणात उतरते, ते याच्या लेखी मूठभर असते. गव्हाने चकली चिवट होते, हे ज्या माणसाचा सगळा दिवस पिठात जातो त्याला मी सांगायचे? मी आवाज चढवला. मागे रांगेत उभ्या असलेल्या आजींनी 'खरं आहे हो' अशी मान हलवली, तेवढाच दिलासा. त्यावर गिरणीवाल्याने अंगावरचे पीठ झटकले आणि अत्यंत प्रेमळ स्वरात म्हटले, "एवढा त्रास कशाला घेता? तयार भाजणी ठेवलीय की आपल्याकडे." मग मागच्या फळीवरून त्याने एक पाकीट काढून माझ्यापुढे धरले.

रात्री मला झोप लागली नाही. माझा स्वभाव तापट आहे हे मान्य, पण ते पाकीट ज्या मायेने पुढे केले गेले, ती माया अजून घशाखाली उतरत नाही.

खरे तर हे सगळे सुरू झाले १८ जुलै २०२२ रोजी, म्हणजे पाकीटबंद पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला त्या दिवशी. सुट्या पिठावर कर नाही, एवढे वाचून मी घरात जाहीर केले की यापुढे पाकीट बंद, सगळे मुळापासून घरी करायचे आणि आयुष्य सोपे करायचे. सौभाग्यवतींनी तेव्हाच विचारले होते, "सोपे कोणाचे?" मी तो प्रश्न तात्त्विक समजून सोडून दिला. पुढे २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष निघाले, आमची अख्खी सोसायटी नाचणीच्या मागे लागली आणि गिरणीतली रांग दुप्पट झाली. वस्तू कमी ठेवाव्यात असे कोणीतरी सांगितले म्हणून चांगला चालता मिक्सर भाच्याला देऊन टाकला. त्याच्या जागी पाटा-वरवंटा, खलबत्ता, तीन आकारांच्या चाळण्या, एक थोरली परात आणि पितळी सोऱ्या आला. सगळे मिळून एका माणसाला उचलत नाही, आणि याला साधी राहणी म्हणतात.

आणि 'फक्त' हा शब्द! 'फक्त दहा मिनिटांत', 'फक्त तीन जिन्नस' असे जे सांगतात, त्यांची भांडी कोण घासते ते मला एकदा पाहायचे आहे. गोड्या मसाल्याच्या दगडफुलातली माती निवडायला किती वेळ लागतो, ते त्यांच्या दहा मिनिटांत कधी धरलेले नसते. गेल्या वर्षी अनारशांसाठी तीन दिवस तांदूळ भिजवले, रोज न चुकता पाणी बदलले, गुळाचे माप तोलून घेतले, आणि पहिलाच अनारसा तुपात पडताक्षणी हसला, म्हणजे फुटून तुपात पसरला. त्यापाठोपाठ सौभाग्यवती हसल्या. मलाच तेवढे हसू आले नाही.

आज सकाळी मात्र शांत डोक्याने विचार केला तेव्हा एक अवघड गोष्ट लक्षात आली. मूठभर गव्हाने नेमके किती बिघडते, हे मी स्वतः कधीच पाहिलेले नाही. आईने सांगितले होते, तिला तिच्या सासूने. चिठ्ठीवरच्या दोन रेघा मात्र माझ्या. तेव्हा पुरावा म्हणून एक वाटीभर भाजणीची उकड काढून चकल्या तळल्या. पहिल्या दोन खुसखुशीत झाल्या. हे मी घरात कोणाला सांगितलेले नाही आणि गिरणीवाल्याला तर जन्मात सांगणार नाही. तिसरी किंचित चिवट होती. ती मी जपून ठेवली आहे.

एकदा एवढे बोलून बसल्यावर या भाजणीच्या चकल्या दिवाळीला करणे आता शक्य नाही. थालीपिठाला गहू चालतो, त्यामुळे उरलेल्या पावणेदोन किलोची थालीपिठे होणार, दोन्ही वेळेला, असे सौभाग्यवतींनी ठरवून टाकले आहे. थालीपिठावर लोणी हवे, आणि विकतचे लोणी या घरात येणार नाही हा नियमही माझाच. मिक्सर भाच्याकडे आहे. आठ दिवसांच्या सायीला विरजण लावून ठेवले आहे आणि सकाळपासून मी माळ्यावर रवी शोधतो आहे.